फोटोच्या शिवणीतली माया

कपडा बेतताना चांगला शिंपी शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचे सोडतो. शिवणकामात त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही आणि कपड्याच्या रूपात तिच्यामुळे काही फरकही पडत नाही. पण पुढे कधी कपडा सैल करण्याची वेळ आली, तर टाके उसवून तो पुन्हा बेतता येतो, तो या मायेच्याच जोरावर. संगणकावर किंवा मोबाइलवर फोटोंचे संपादन करणारे बहुतेक जण माया न ठेवताच कापड कापतात, आणि हे आपल्या हातून घडले आहे हे त्यांना पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांनी कळते. फोटो उजळलेला असतो, कडा कापलेल्या असतात, एका कोपऱ्यात नाव घातलेले असते. आता उजळपणा थोडा कमी करावा म्हणून फाइल उघडावी, तर उजळपणाचा स्लायडर निवांतपणे शून्यावर उभा असतो, जणू या फोटोला कधी कोणी हातच लावला नव्हता.

असे का होते, हे समजण्यासाठी ‘सेव्ह’ या क्रियेत नेमके काय जपले जाते ते पाहावे लागेल. फोटो उघडा असतो तोवर आपण केलेला प्रत्येक बदल प्रोग्रॅम आपल्या स्मरणात ठेवतो, आणि ‘अनडू’ चालते ते त्या स्मरणावर. फोटोशॉपमध्ये मुळात असे ५० टप्पे लक्षात ठेवले जातात आणि सेटिंग बदलून ती संख्या वाढवताही येते. पण फाइल बंद केली की हा सगळा इतिहास पुसला जातो, मग ती फाइल कोणत्याही प्रकारात सेव्ह केलेली असो. म्हणजे संपादनाचा मार्ग फाइलमध्ये आपोआप कधीच उतरत नाही. तो उतरावा असे वाटत असेल, तर बदल करण्याची पद्धत आणि फाइलचा प्रकार या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून तशा निवडाव्या लागतात.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण त्यामुळे भली भली माणसे चुकीच्या ठिकाणी काळजी घेत बसतात. जेपेग फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह केल्याने फोटोचा दर्जा घसरतो हे बहुतेकांनी ऐकलेले असते, आणि ते खरेही आहे. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे (चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांचे) चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील बारकाव्यांचे गणिती रूप काढते आणि डोळ्यांना सहसा जाणवणार नाहीत असे आकडे ढोबळ करून टाकते. हे ढोबळ करणे प्रत्येक नव्या सेव्हच्या वेळी पुन्हा घडते. नुसते उघडून पाहिल्याने किंवा फाइलची प्रत काढल्याने मात्र काहीच बिघडत नाही. हे ऐकून अनेक जण जेपेग सोडून पीएनजीकडे वळतात, किंवा जेपेगचा दर्जा १०० वर नेऊन निश्चिंत होतात. पण त्याने फक्त दाबाने होणारी झीज थांबते किंवा कमी होते. आपला मूळ प्रश्न वेगळाच आहे: उजळपणा, कातर, अक्षरे, पुसलेले डाग हे सगळे एकाच सपाट चित्रात मिसळून गेले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाही. पीएनजी त्या सपाट चित्राचा एकही पिक्सेल गमावणार नाही हे कबूल, पण ते चित्र सपाटच राहील. झीज होणे आणि मिसळून जाणे ही दोन वेगळी नुकसाने आहेत, आणि पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की उजळपणा वीसने वाढवला असेल, तर तो वीसने कमी केला की झाले. तसे होत नाही, आणि का होत नाही हे साध्या अंकगणितातून दिसते. नेहमीच्या ८ बिटच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या घटकाला शून्य ते २५५ यांपैकी एक आकडा दिलेला असतो. ढगांमधील दोन शेजारच्या पिक्सेलांचे आकडे २४० आणि २५० आहेत असे समजू. दोन्हींत वीस मिळवले की २६० आणि २७० येतात, पण २५५ च्या वर आकडाच नसल्यामुळे दोन्ही २५५ वर अडकतात. आता त्यातून वीस वजा केले तर दोन्हीकडे २३५ मिळतात. म्हणजे ढगाच्या त्या भागातला दहाचा फरक, जो ढगाची घडी दाखवत होता, तो कायमचा गेला आणि उरला तो एकसारखा राखाडी ठिपका. दुसरे उदाहरण कॉन्ट्रास्टचे घेऊ. सगळे आकडे निम्मे केले तर २५६ पायऱ्यांच्या १२८ पायऱ्या होतात, आणि त्यांना पुन्हा दुप्पट केल्यावर मधली प्रत्येक दुसरी पायरी रिकामी राहते. चेहऱ्यावर किंवा झाडीत हे लक्षात येत नाही, पण संध्याकाळच्या मोकळ्या आकाशात, जिथे रंग अगदी हळूहळू बदलत जातो, तिथे पट्टे उमटलेले स्पष्ट दिसतात.

१६ बिटच्या चित्रात याच जागी ६५,५३६ पायऱ्या असतात, त्यामुळे दुसऱ्या उदाहरणातले नुकसान डोळ्यांना दिसण्याइतके मोठे होत नाही. मोठे संपादन करायचे असेल तर १६ बिटमध्ये काम करण्याचा सल्ला देतात तो यासाठीच. पण पहिल्या उदाहरणातला कळस, म्हणजे वरच्या टोकाला जाऊन अडकणे, तो १६ बिटमध्येही तसाच घडतो. शिवाय ८ बिटचे जेपेग उघडून ते १६ बिटमध्ये बदलले म्हणून आधी गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. पुढच्या आकडेमोडीला जागा मिळते, इतकेच.

मग माया ठेवायची कशी? त्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींमागचा विचार एकच आहे: मूळ पिक्सेलांना हात न लावता बदल वेगळा लिहून ठेवायचा, आणि पडद्यावर दाखवताना किंवा प्रत काढताना दोन्हींचा मेळ घालायचा. वरच्या उदाहरणातले अधिक वीस आणि उणे वीस हे केवळ लिहून ठेवलेले असतील, तर त्यांची बेरीज शून्य होते आणि २४० व २५० आपापल्या जागी सुखरूप राहतात.

पहिला मार्ग एकावर एक रचलेल्या थरांचा, म्हणजे लेअरचा. फोटोशॉपमध्ये लेअर आले १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि त्यानंतर दोन वर्षांनी चौथ्या आवृत्तीत अ‍ॅडजस्टमेंट लेअर आले. या दोन्हींतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. साध्या लेअरमध्ये पिक्सेल असतात. अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये चित्र नसतेच. त्यात ‘खालच्या सगळ्याचा उजळपणा इतका वाढवून दाखव’ अशी फक्त सूचना असते. ती सूचना वर्षभरानंतरही उघडून तिच्यातला आकडा बदलता येतो, ती काही काळ झाकून ठेवता येते किंवा काढूनही टाकता येते. मेनूमध्ये मात्र त्याच नावाची उजळपणाची आज्ञा थेट पिक्सेलांवर चालणारीही असते, आणि अनेकांचे फसणे इथेच होते. फाइल लेअरसकट सेव्ह करूनही उजळपणा परत मागे घेता येत नाही, कारण तो मुळात लेअर म्हणून दिलेलाच नव्हता. थरांची फाइल ही फक्त पेटी आहे, आणि आत आपण जे ठेवले तेवढेच ती सांभाळते.

पुसण्याच्या बाबतीतही हेच लागू आहे. पार्श्वभूमी नको म्हणून खोडरबर फिरवला तर ते पिक्सेल गेले. त्याऐवजी लेअरला मास्क जोडला, तर मास्कवर जिथे काळा रंग आहे तिथले चित्र झाकले जाते, जिथे पांढरा आहे तिथले दिसते आणि राखाडी भागातले अर्धवट दिसते. केसांच्या कडेला चुकून जास्त झाकले गेले असेल, तर पुढे कधीही पांढऱ्या ब्रशने तेवढे परत आणता येते. एकदा मास्कची सवय लागली की खोडरबराची गरज क्वचितच उरते. कातरीच्या म्हणजे क्रॉपच्या साधनाजवळ फोटोशॉपमध्ये आणि गिम्प या दुसऱ्या संपादन-प्रोग्रॅममध्येही ‘कापलेले पिक्सेल काढून टाका’ अशा अर्थाची एक खूण असते. ती काढून ठेवली तर कडेचा भाग नुसता चौकटीबाहेर जातो आणि फाइलमध्ये शिल्लक राहतो. पुढे आडव्या फोटोचा उभा करायचा झाला, तर तो हाताशी असतो.

चेहऱ्यावरचे डाग किंवा मागे लोंबणारी वीजतार काढण्याचे काम सूचनेच्या रूपात सहसा मावत नाही, तिथे नवे पिक्सेल रंगवावेच लागतात. ते एका रिकाम्या लेअरवर रंगवावेत आणि साधनाला खालच्या थरांतून नमुना घेण्यास सांगावे. या लेअरची जागा मूळ फोटोच्या लगेच वर असावी आणि उजळपणा, रंग वगैरेंचे अ‍ॅडजस्टमेंट लेअर त्याच्याही वर असावेत. हा क्रम उलटा केला तर एक चमत्कारिक गोष्ट होते: ठिगळ ज्या उजळपणात रंगवले त्याच उजळपणात गोठून राहते, आणि नंतर खालचा स्लायडर हलवला की सारा चेहरा बदलतो पण ठिगळे जुन्याच रंगात उठून दिसतात. माया ठेवली होती, पण चुकीच्या शिवणीत.

लहान-मोठे करण्याचाही असाच धोका आहे. ४,००० पिक्सेल रुंदीचा फोटो एका रचनेत बसवण्यासाठी ४०० पिक्सेलांचा केला, तर रुंदी आणि उंची दोन्हींत दहापट घट होऊन मूळ पिक्सेलांपैकी फक्त एक टक्का उरतात, आणि तो परत मोठा केला की धुरकट दिसतो. २००५ सालच्या सीएस२ आवृत्तीपासून फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आहे, ते यावरचे उत्तर आहे. त्यात पूर्ण आकाराचे मूळ चित्र आत बंदिस्त राहते आणि लहान करणे ही फक्त सूचना असते. २००७ च्या सीएस३ पासून अशा ऑब्जेक्टला लावलेले फिल्टरही पुढे बदलता येतात. मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये अशी सोय बराच काळ नव्हती. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर लेअरवर लावून ते पुढे बदलण्याची व्यवस्था झाली आणि त्या प्रोग्रॅमची मोठी उणीव भरून निघाली.

थर टिकवायचे असतील तर ज्या प्रोग्रॅममध्ये काम केले त्याच्या स्वतःच्या प्रकारात फाइल सेव्ह करणे सर्वांत सुरक्षित: फोटोशॉपची पीएसडी, गिम्पची एक्ससीएफ, कृता या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅमची केआरए. पीएसडीला कोणत्याही बाजूने ३०,००० पिक्सेल आणि एकूण २ जीबी अशी मर्यादा आहे, त्यापुढे पीएसबी हा मोठ्या फाइलींसाठीचा प्रकार वापरावा लागतो. टिफमध्येही फोटोशॉप आपले लेअर ठेवू शकते. मात्र इतर बहुतेक प्रोग्रॅम अशा टिफमधले फक्त सपाट चित्र वाचतात, आणि तिथून ती पुन्हा सेव्ह केली तर लेअर जातात. एखाद्या प्रोग्रॅमची फाइल दुसऱ्याने उघडली याचा अर्थ त्याला आतले सगळे समजले असा नव्हे. गिम्पने २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून ‘सेव्ह’ म्हणजे केवळ एक्ससीएफ आणि जेपेग वा पीएनजीसाठी वेगळे ‘एक्स्पोर्ट’ अशी विभागणी केली. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली, कारण एक साधा जेपेग दुरुस्त करायचा तरी दोनदा विचारणा होऊ लागली. माझ्या मते मात्र ती विभागणी अगदी योग्य होती. ‘जपणे’ आणि ‘बाहेर देणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे तिने वापरणाऱ्याच्या अंगवळणी पाडले.

दुसरा मार्ग त्याहून हलका आहे. त्यात थर नसतात आणि चित्राची दुसरी प्रतही नसते. असते ती फक्त सूचनांची यादी. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी हे प्रोग्रॅम असे चालतात. त्यांचा खरा उपयोग रॉ फाइलींवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदींवर होतो. बरेचसे कॅमेरे रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १२ किंवा १४ बिट, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या नोंदवतात, आणि प्रकाशाचा रंग कसा मानायचा हा निर्णय त्यात अजून पक्का झालेला नसतो. जेपेगमध्ये तो कॅमेऱ्याने घेऊन टाकलेला असतो, म्हणून चुकीच्या प्रकाशात पिवळा पडलेला जेपेग सुधारताना दमछाक होते आणि रॉ फाइलमध्ये तेच काम एका स्लायडरवर भागते. हे प्रोग्रॅम रॉ फाइलमधल्या चित्राला धक्का लावत नाहीत. तुमचे निर्णय ते बाजूला लिहून ठेवतात: डार्कटेबल एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये, रॉथेरपी पीपी३ मध्ये आणि लाइटरूम क्लासिक मुख्यतः आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे सर्व फोटोंच्या एकत्रित नोंदवहीत. हिशेब पाहिला तर ही पद्धत किती काटकसरीची आहे ते कळते. २४ मेगापिक्सेलचे चित्र ८ बिटमध्ये उलगडले की सुमारे ७२ एमबी होते आणि १६ बिटमध्ये १४४ एमबी, आणि पूर्ण चित्र व्यापणारा प्रत्येक पिक्सेल-थर त्यात तेवढीच भर घालतो; फाइल दाबून ठेवली की हा आकडा काही प्रमाणात उतरतो, एवढेच. सूचनांची फाइल बहुधा काही किलोबाइटमध्ये आटोपते, कारण ती मजकुराची फाइल आहे आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचताही येते.

या हलकेपणाची किंमत मात्र आहे. सूचना आणि चित्र ही दोन वेगळी पाखरे आहेत, आणि एकाला उचलून दुसरीकडे नेले की दुसरे मागे राहते. फोल्डर आवरताना ‘या बारक्या फाइली कसल्या?’ म्हणून एक्सएमपी फाइली पुसल्या, की त्या फोल्डरसोबत तेवढी मेहनतही गेली. डार्कटेबल आपली एक प्रत आतल्या नोंदवहीतही ठेवते, म्हणून त्याच संगणकावर कदाचित निभावून जाईल. दुसऱ्या संगणकावर नाही. लाइटरूम क्लासिक मुळात एक्सएमपी आपोआप लिहीत नाही, तो पर्याय चालू करावा लागतो. तो चालू केला तरी एक्सएमपीत सध्याच्या सेटिंग उतरतात, पण बदलांचा टप्प्याटप्प्याचा इतिहास आणि एकाच फोटोच्या केलेल्या आभासी प्रती या कॅटलॉगमध्येच राहतात. म्हणून फोटोंची प्रत काढताना कॅटलॉगचीही प्रत काढली पाहिजे. केवळ फोटो जपणाऱ्याने कापड जपले आणि मापे टाकून दिली. आणखी असे की, एक्सएमपी हा प्रकार सर्वांना माहीत असला तरी एका प्रोग्रॅमचे आकडे दुसऱ्याला जसेच्या तसे कळत नाहीत. तारांकन, वर्णन, कळीचे शब्द पलीकडे पोचतात. रंग आणि उजळपणाचे बारकावे क्वचितच.

मोबाइलवरही बरेचदा हीच दुसरी पद्धत चालते, फक्त ती नजरेआड असते. आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये संपादन केल्यावर मूळ चित्र आणि सूचना दोन्ही जपल्या जातात, त्यामुळे ‘मूळ रूपात परत’ जाता येते आणि स्लायडरही आधीच्या जागी सापडतात. पण तोच फोटो कोणाला संदेशातून पाठवला की पोचते ते फक्त मिसळून तयार झालेले चित्र. ते परत मागवून घेतले, तर त्यात माया उरलेली नसते.

काही गोष्टी दोन्ही मार्गांत हातून निसटतात. फोटोशॉपमध्ये मोठ्या कष्टाने काढलेली निवड, म्हणजे सिलेक्शन, नाव देऊन चॅनेल म्हणून ठेवली नाही तर फाइल बंद होताच जाते. फोटोवर घातलेली अक्षरे टेक्स्ट लेअरमध्येच राहू द्यावीत. त्यांचे पिक्सेलांत रूपांतर केले की एका वेलांटीची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. आणि अक्षरे जिवंत ठेवली तरी तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर दुरुस्तीला हात घालताच ओळी भलत्याच दिसतील, तेव्हा कोणता फाँट वापरला हे फाइलच्या जवळ लिहून ठेवावे.

म्हणून एका फोटोच्या तीन वेगळ्या वस्तू मनात धराव्यात: कॅमेऱ्यातून आली तशी मूळ फाइल, माया राखलेली कामाची फाइल, आणि लोकांना द्यायची प्रत. तिसरी वस्तू टाकाऊ मानायला हरकत नाही, कारण ती कामाच्या फाइलमधून कधीही पुन्हा काढता येते. आकार बदलणे आणि धार वाढवणे (शार्पनिंग) ही कामे या तिसऱ्या प्रतीवरच करावीत. पडद्यासाठी १,६०० पिक्सेलांची प्रत आणि छपाईसाठी पूर्ण आकाराची प्रत यांना लागणारी धार वेगवेगळी असते, आणि ती कामाच्या फाइलमध्येच पक्की केली तर दोन्हीकडे कमी-जास्त पडते. नावांचेही पथ्य आहे. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘खरोखर-अंतिम’ अशी वंशावळ सर्वांच्याच फोल्डरमध्ये आढळते. त्यापेक्षा तारीख आणि ‘काम’ किंवा ‘छपाई’ असा शब्द नावात घातला, तर तीन वर्षांनीही उलगडा होतो. सुरुवातीच्या दिवसांत मी एक रंगीत फोटो कृष्णधवल करून मूळ नावावरच सेव्ह केला होता. पुढे त्यातल्या साडीचा रंग कोणता होता असे विचारले गेले, तेव्हा फाइलकडे त्याचे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. तेव्हापासून मूळ फाइली मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्या फोल्डरवर ‘केवळ वाचा’ अशी खूण करून ठेवतो.

फार वर्षांचा विचार करायचा असेल तर आणखी एक सावधगिरी लागते. कामाची फाइल विशिष्ट प्रोग्रॅमवर अवलंबून असते. लाइटरूम आणि डार्कटेबल जुन्या सूचनांसाठी जुनी आकडेमोड सांभाळून ठेवतात, त्यामुळे नव्या आवृत्तीत जुना फोटो एकाएकी वेगळा दिसत नाही. पण तो प्रोग्रॅमच वापरायचा थांबला तर सूचना वाचणार कोण? यासाठी महत्त्वाच्या फोटोंची एक सपाट १६ बिट टिफ प्रतही काढून ठेवावी. तिच्यात थर नसले तरी झीज नसते, पायऱ्या भरपूर असतात, आणि १९८६ पासून चालत आलेला हा प्रकार वाचू शकणारे प्रोग्रॅम असंख्य आहेत. अडीअडचणीला तिच्यावरून पुढचे काम सुरू करता येते.

आपण ठेवलेली माया खरोखर शिल्लक आहे का, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. कामाची फाइल आणि तिच्यासोबतच्या बारक्या फाइली एका पेनड्राइव्हवर घ्याव्यात, शक्य असल्यास तोच प्रोग्रॅम असलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडाव्यात, आणि तिथे तीन गोष्टी करून पाहाव्यात: उजळपणाचा स्लायडर आपण सोडला होता त्याच आकड्यावर आहे का, कातर रुंद केली की कडेचे चित्र परत दिसते का, आणि फोटोवरच्या अक्षरांतले एखादे अक्षर बदलता येते का. यांपैकी जे जमणार नाही, ते मूळ संगणकावर फोटो अजून उघडा असतानाच दुरुस्त करून घ्यावे.